किमान सात रात्रींची अट

माणसाने फार चढून जाऊ नये म्हणून देवाने साडू निर्माण केला असावा. शेजारी पुढे गेला तर घर बदलता येतं, भाऊ पुढे गेला तर अबोला धरता येतो. साडू पुढे गेला की त्याच्या प्रगतीचा अहवाल रोज रात्री आपल्याच ताटात वाढला जातो. "ताईकडे नवीन ओव्हन घेतला" हे वाक्य आणि कालचीच आमटी माझ्यासमोर एकदमच येतात.

गेल्या वर्षी साडू सहकुटुंब इटलीला जाऊन आला. रोम नाही, व्हेनिस नाही. "ते सगळेच करतात," तो म्हणाला, "आम्ही टस्कनीचं कंट्रीसाइड केलं." देश बघायचे असतात अशी माझी जुनी समजूत. हल्ली ते करतात, आणि करून झाले की मोठ्या टीव्हीवर नातेवाइकांना दाखवतात.

एक हजार चारशे फोटो होते. त्यातले नऊशे एकाच टेकडीचे. टेकडीवर दगडी घर, घराकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाणासारखी उभी झाडं, आणि पुढे साडू. कधी साडू टेकडीकडे बघतोय, कधी टेकडी साडूकडे.

"हॉटेल कुठे दिसत नाही," मी विचारलं.

"हॉटेल?" साडूने कीव केली. "शेतकऱ्याच्या घरी राहिलो आम्ही. ॲग्रीटुरिझ्मो!"

मग त्याने मला समजावून सांगितलं, की तिकडची गावं ओस पडायला लागली, पोरं शहरात पळाली, तेव्हा १९८५ साली इटलीने चक्क कायदा केला. शेतकऱ्याने घरात पाहुणे ठेवावेत, शेतात पिकतं ते खाऊ घालावं आणि त्याचे पैसे घ्यावेत. "आमचा तर रात्रीला एकशे चाळीस युरो घ्यायचा. वर किमान सात रात्रींची अट. दोन दिवसांसाठी आलेल्याला दारात उभं करत नाही. प्रोफेशनल लोक!"

एकशे चाळीस युरोत काय मिळालं, याची मी बारकाईने चौकशी केली. पंखा नव्हता. पहाटे साडेचारला कोंबडा आरवायचा. खिडकीतून शेणाचा वास यायचा. ("ऑथेंटिक," मेव्हणी डोळे मिटून म्हणाली.) रात्री शेतकरी स्वतः टेबलाशी येऊन बसायचा आणि यांना न समजणाऱ्या भाषेत दोन-दोन तास बोलायचा. जेवायला रिबोलिता. म्हणजे आदल्या दिवशीची भाजीची आमटी, तीत शिळा पाव टाकून परत उकळलेली. शब्दाचा अर्थच मुळी 'पुन्हा उकळलेली'.

"याला आमच्याकडे कुस्करा म्हणतात," मी म्हणालो. "आई फुकट द्यायची. नको म्हटलं तर धपाटाही द्यायची."

कोणी हसलं नाही. परतताना रिक्षात बायको बराच वेळ गप्प होती. सिग्नलला म्हणाली, "अहो, आपलं कुणीच नाही का शेतात?"

आहे ना. मामा आहे. तालुका भालकी, जिल्हा बीदर, राज्य कर्नाटक. भाषा मराठी, हिशेब कानडी, शिवी उर्दू. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले आणि मामाचं गाव तिकडे राहिलं. त्यामुळे लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी परराज्यात जाऊन आलेलो आहे, पण साडूसमोर त्याची गणती फॉरेन टूरमध्ये होत नाही. मामाकडे दगडी घर आहे. पंखा असून नसल्यासारखा आहे. कोंबडा आहे. शेण तर टस्कनीला निर्यात करता येईल इतकं आहे. न समजणाऱ्या भाषेत दोन तास बोलणारा शेतकरी म्हणजे तर मामा स्वतःच.

मी कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. डाव्या रकान्यात 'राहायचं कुठे', उजव्या रकान्यात 'बघायचं काय'. उजवा रकाना दहा मिनिटांत भरून वाहू लागला. साडूने फ्लॉरेन्सचं इतकं कौतुक सांगितलं होतं. इथे बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत मिळून चार राजधान्या निघाल्या. मळखेड राष्ट्रकूटांचं, कल्याण (म्हणजे आताचं बसवकल्याण) चालुक्यांचं, कलबुर्गी बहमनींची पहिली आणि बीदर दुसरी. अधूनमधून एखादा राजा सामान बांधायचा आणि पुढच्या गावाला जाऊन नवी राजधानी थाटायचा. आमच्या घराण्यात बदलीची नोकरी करणारे इतके का निघाले, हे मला तेव्हा उमगलं.

डावा रकाना मात्र कोरा. बीदरला पूर्वी लोक कुठे उतरायचे ते बघू म्हणून मी थेट पंधराव्या शतकात गेलो. तिथे अफनासी निकितिन भेटला. हा रशियातल्या त्व्हेर गावचा व्यापारी. एक घोडा विकायला घेऊन १४७०च्या आसपास चौलकडून जुन्नरला आला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि वर धर्म बदल म्हणाला. कसाबसा घोडा आणि धर्म दोन्ही सोडवून गडी बीदरला पोचला. त्याने सगळं लिहून ठेवलंय. मुक्कामाच्या जागी बायका पाहुण्यांना रांधून घालतात, सुलतानाच्या वाड्याचा थाट काय वर्णावा, आळंदच्या जत्रेत वीस हजार घोडे विकायला येतात, वगैरे. हे वाचून मला एवढंच कळलं, की निकितिनला बीदर जिल्ह्यात मामा नव्हता. असता, तर मुक्कामाच्या जागी राहायची त्याची काय बिशाद होती?

मी मात्र मामा असून तो गुन्हा केला. "आधी दोन दिवस बीदर शांतपणे बघू, मग मामाला सरप्राइज देऊ," असं ठरवून एका लॉजवर खोली घेतली. लॉजचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात लॉजचा काही दोष नव्हता. दोष भालकी स्टेशनचा होता. बीदरची गाडी भालकीवरून जाते हे मी विसरलो. गाडी भालकीला थांबली तेव्हा आम्ही खिडकीत चहा पीत होतो आणि फलाटावर मामाचे व्याही दात घासत होते. त्यांनी आमच्याकडे बघून ब्रश हलवला. आम्हीही हात हलवला. गाडी सुटली.

बीदरला खोलीत पोचून बायकोने 'व्ह्यू' बघायला खिडकी उघडली. समोर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता आणि फ्लेक्सखाली, तुरीची रिकामी पोती टाकलेल्या पिकअपमधून, मामा उतरत होते.

"लॉजवर?" जिना चढून आल्यावर त्यांनी एवढाच शब्द उच्चारला. मग दम घेतला. "आमी काय मेलाव का?"

पुढचा मोर्चा मॅनेजरकडे वळला. "ह्ये माजे भाचे हायत. ह्यांला रूम दिलीच कशी तुमी?"

पंचवीस-तीस खोल्यांच्या लॉजचा मॅनेजर, पण चाचरला. "चूक झाली मामा. नाव बघून कळलं नाही." त्याने पूर्ण पैसे परत केले, आम्हाला चहा पाजला आणि बॅग स्वतः पिकअपपर्यंत आणून दिली. राहू दिल्याबद्दल माफी मागणारा लॉज टस्कनीत असेल, असं मला वाटत नाही.

पिकअप भालकीच्या रस्त्याला लागेपर्यंत बातमी जिल्हाभर झाली होती. आमच्याकडे एकूण चार रात्री होत्या. मामा म्हणाले, चारही माझ्याकडे. हुमनाबादच्या मावशीचा फोन आला: "भावाकडं चार आन् माज्याकडं एकबी न्हाई? तुजी माय असती तर असं झालं नसतं, बाबा." बसवकल्याणचा मामेभाऊ नुसता "बरं" म्हणाला, आमच्याकडे नुसतं "बरं" म्हणजे पुढची दहा वर्षं लग्नाला न येणं. मग कलबुर्गीहून बायकोच्या आत्याचा फोन, की माहेरचं कुणी मोजायचंच नाही असं ठरलंय का? बहमनी राज्याचे पाच तुकडे व्हायला पुष्कळ वर्षं लागली. आमच्या चार रात्रींचे साडेअकराच्या आत झाले. तहाची कलमं अशी ठरली: दोन रात्री मामा, एक मावशी, एक आत्या, बसवकल्याणला रात्र देता येत नाही म्हणून नुकसानभरपाईदाखल एका दिवशी दोन जेवणं.

डावा रकाना असा भरला. राहता राहिला उजवा.

"काय बघायचं म्हनलास?" मामांनी विचारलं.

"किल्ला, मदरसा, अष्टूरचे घुमट…"

"ते कुटं पळून जाऊलालेत? पयलं घर बघ."

आणि खरंच बघायचं सुरू झालं. पहिलं प्रेक्षणीय स्थळ: नवी बोअर. सहाशे फूट, पाणी पाचशे ऐंशीला. आम्ही तीत वाकून बघितलं, काळोख होता. दुसरं: जुनी बोअर, जिला पाणी लागलं नाही. तीतही वाकून बघितलं. तसाच काळोख होता, पण मामांचा सुस्कारा वेगळा होता. तिसरं, सोयाबीनचं गोदाम. चौथं, चुलत भावकीने दाबलेला तीन हात बांध, ज्याचा दावा बीदरच्या कोर्टात सदतीस वर्षं चालू आहे. बांधावर बायकोला उभी करून मामांनी फोटो काढायला लावला. तो बहुधा पुढच्या तारखेला पुरावा म्हणून दाखल होईल.

पाचव्या स्थळापाशी, म्हणजे वेशीजवळच्या एका माडीसमोर, मामा थांबले. "सूनबाई, ह्ये घर बघून ठेवा. ९८ साली हितली पोरगी ह्याला दाखवली व्हती."

"मग?" बायकोच्या आवाजात त्या दिवसातली पहिली खरी उत्सुकता होती.

"त्येंनी न्हाई म्हनले."

"का?"

"ह्याला बघून."

बायकोने त्या माडीचे सहा फोटो काढले. प्रत्येक गावाला एक स्मारक असतं. त्या गावात ते माझ्या नकाराचं आहे. पायऱ्या शहाबादी आहेत, अजून मजबूत आहेत.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर, उदगीर, भालकी या पट्ट्यात त्या दिवशी गावात एक माणूस सापडत नाही. अख्खं गाव रानात असतं. रानात कडब्याची कोप उभारतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करतात आणि मग जेवतात. जेवतात हा शब्द फार अपुरा आहे. साडूच्या कायद्याच्या किती तरी आधीपासून इथला शेतकरी पाहुण्यांना रानात नेऊन स्वतःच्या शेतातलं खाऊ घालतो आहे. फरक एवढाच, की तिथे खाऊन झाल्यावर पैसे घेतात आणि इथे खाऊन झाल्यावर पुन्हा वाढतात.

मामीने भज्जी केली होती. पुण्यात भजी म्हणतात ती नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, कांद्याची पात, मेथी, गाजर, रानात हिरवं दिसेल आणि पळून जाणार नाही ते सगळं पातेल्यात. वरून चिंचेचा कोळ आणि हरभऱ्याचं पीठ. चुलीवर ती रटरटत असते तेव्हा मधूनच एक फुगा येतो, फुटतो आणि पळीभर वास सोडतो. जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदग्यात आंबील. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली ही आंबील प्यायला निरुपद्रवी वाटते. तांब्या संपेपर्यंत काही होत नाही. नंतर हळूहळू आपल्याला गुडघे नव्हते, असं वाटू लागतं.

मी पोटभर जेवलो, हात धुतला, आणि तिथेच चूक झाली. हात धुतलेला माणूस मोकळा असतो. शेजारच्या कोपेवरून हाक आली. येळवसीला बोलावलेल्या कोपेवर गेलं नाही तर त्या घराशी काय बिनसलं, याची गावभर चौकशी होते.

"नुस्तं येऊन बसा की ओ!"

नुसतं बसायला गेलो. दोन उंडे. तिथून तिसऱ्या कोपेवर: "भज्जी कुनाची चांगली, आमची का त्येंची?" या प्रश्नाला ताट रिकामं करणं हेच एक उत्तर असतं. चौथ्या कोपेवर "घोटभर आंबील". तिकडचा घोट तांब्याएवढा. पाचव्या कोपेपर्यंत मी पट्टा तीन भोकं सैल केला होता. सहाव्या कोपेच्या आधी पट्ट्याला भोकंच उरली नाहीत. बायको सुरुवातीला प्रत्येक ताटाचा फोटो काढत होती. तिसऱ्या कोपेनंतर तिला वाढप अडवायला दोन्ही हात लागू लागले आणि आमच्या प्रवासाची छायाचित्रं तिथे संपतात.

सातव्या कोपेच्या वाटेवर मी तुरीत लपलो. हे लिहायला लाज वाटते, पण तूर माझ्याहून उंच होती आणि मोह झाला. तिथे मला कोपेवरच्या कुत्र्याने शोधून काढलं. कुत्र्यामागून मालक आला. मी तुरीत कशाला आलो असेन, याचा त्याने सभ्य अर्थ लावला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तो घेऊन मी उगाच आणखी दहा पावलं आत गेलो, पाणी ओतलं आणि परत आलो. मग त्याने मला जेवायला बसवलं.

संध्याकाळी शुद्धीवर आलो तेव्हा मामाच्या कोपेत आडवा होतो आणि भोवती पंधरा-वीस माणसं बसली होती. साडूशी एक शेतकरी दोन तास बोलला. माझ्याभोवती पूर्ण कार्यकारिणी होती. पगार किती? हातात किती? फ्लॅट केवढ्याचा, कर्ज किती राहिलं? एकच पोरगी? का? बीपी आहे का? मी एकेका प्रश्नाला उत्तर देत होतो आणि मागे बसलेल्यांना पुढचे लोक ते पुन्हा सांगत होते. एका म्हाताऱ्या आजींनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नीट निरखून बघितलं आणि सोबतच्या सुनेला म्हणाल्या, "झालं बघून. चल." तक्त्यातल्या उजव्या रकान्यात माझं स्वतःचं नाव लिहायला हवं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी बीदर. मामा आणि त्यांचा आठ वर्षांचा नातू बरोबर. नातू घरी मराठी बोलतो, शाळेत कानडी, दुकानात उर्दू आणि क्रिकेटमध्ये हिंदी. मला कानडी वाचता येत नाही हे कळल्यावर त्याने दर लावला: एका पाटीला एक चॉकलेट. सार्वजनिक मुतारी शोधण्यात माझी तीन चॉकलेटं गेली.

मामांना बीदरच्या सगळ्या तारखा तोंडपाठ आहेत, पण त्या कोर्टाच्या. सदतीस वर्षं ते या शहरात येताहेत आणि किल्ल्यात एकदाही गेलेले नाहीत. म्हणून गाइडचं काम मी अंगावर घेतलं. महमूद गावानच्या मदरशासमोर उभं राहून म्हटलं, "मामा, हा बहमनींचा इराणी वजीर. त्याने १४७२ साली हे विद्यापीठ बांधलं. तीन मजली. बाहेरून सगळ्या रंगीत फरशा होत्या, आत ग्रंथालय. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६९६ साली, इथे दारू ठेवली होती. तिचा स्फोट झाला आणि अर्धी इमारत उडाली."

मामांनी उरलेल्या एका मिनाराकडे वर बघितलं. "शाळंत दारू ठेवली व्हय?" ते म्हणाले. "आमचे हेडमास्तरबी ठेवायचे. पर इमारत हाय अजून."

अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. त्यातला हुमायूनचा घुमट वीज पडून अर्धा कोसळला. उरलेला अर्धा असा उभा आहे की कापलेल्या कलिंगडासारखी आतली पोकळी दिसते. मला एकदम साडू आठवला. त्याने पिसाच्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचे अकरा फोटो काढले होते. पिसाचा मनोरा नुसता कलला तर जग धावतं. आमचा घुमट अर्धा पडूनही ताठ उभा आहे, आणि बघायला आम्ही चार माणसं आणि एक शेळी. मी हे मामांना आवेशाने सांगितलं. मामांनी शेतकऱ्याचा प्रश्न विचारला: "वीज पडल्याची भरपाई मिळाली का?"

किल्ल्यात रंगीन महाल, सोळा खांबांची मशीद हे सगळं बघून झालं, पण मामांचा जीव रमला तो बिदरी कामाच्या दुकानात. जस्त-तांब्याची सुरई, तीत चांदीची नक्षी ठोकलेली. कारागिराने सांगितलं, की शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून गरम भांड्यावर चोळायची, की धातू काळा कुळकुळीत पडतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते. मामांनी चिमूटभर माती मागून घेतली, वास घेतला, जिभेवर ठेवली. आम्ही आदराने वाट बघत राहिलो.

"तुरीला चालनार न्हाई," ते म्हणाले आणि थुंकले.

हुमनाबादच्या रात्रीविषयी थोडक्यात सांगतो, कारण मी ती जागून काढली. मावशीने गादी घातली होती. मी मोठेपणाने "खालीच झोपतो, मावशी" म्हणालो. खाली शहाबादी फरशी. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातच, माल थेट खाणीतून आलेला. साडूच्या नव्या फ्लॅटमध्ये इटालियन मार्बल आहे, पण डिसेंबरच्या थंडीत पाठीचा मणका मोजून दाखवायची ताकद शहाबादीत जास्त. सकाळी माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीपुढे वाकलो तो वाकलेलाच राहिलो. पुजाऱ्यांना माझी भक्ती फार भावली.

बसवकल्याणला मामेभावाने एकशे आठ फुटी बसवेश्वरांची मूर्ती दाखवली, ती त्याच्या नव्या प्लॉटमधून कशी दिसते हे सांगण्यासाठी. मग पहिलं जेवण. दुसऱ्या जेवणाची वेळ होईपर्यंत मला एक युक्ती सुचली. या गावात बसून चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. शंभर अध्यायांच्या त्या ग्रंथात राजाने खाण्यापिण्याचं भरघोस लिहिलंय, आणि त्यात तळलेल्या उंदरांचीही कृती आहे. पुरणपोळीचं ताट आत येताना मी हे मुद्दाम मोठ्याने सांगितलं. अपेक्षा अशी, की घरात किळस पसरेल आणि वाढप थांबेल. वहिनी दारातच थबकल्या. भावाकडे बघून म्हणाल्या, "भाऊजींना नॉनव्हेज चालतंय म्हना की! मी उगं पुरन घातलं." अर्ध्या तासात कोंबडी आली. पुरणपोळी परत गेली नव्हती.

कलबुर्गीला आत्यांनी "प्रवासात हलकं बरं" म्हणून हलकं म्हणजे फक्त तीन भाज्या केल्या. शेवटच्या दिवशी गाणगापूर. नृसिंह सरस्वतींचं ठिकाण. भीमा-अमरजेचा संगम, निर्गुण पादुका. तिथे दुपारी पाच घरी मधुकरी मागायची रीत आहे. भल्याभल्यांचा अहंकार झोळी धरल्यावर गळतो म्हणतात. माझा प्रश्न अहंकाराचा नव्हता. ज्याने अन्न टाळण्यासाठी तुरीत आसरा घेतला, तो आता झोळी घेऊन दारात उभा होता आणि मनात म्हणत होता, देवा दत्ता, यांच्या घरी काही नसू दे. पहिल्याच घरातून अख्खी ज्वारीची भाकरी आली. दुसऱ्या घरच्या बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि चेहऱ्यावरचे भाव त्यांना उपासमारीचे वाटले असावेत. त्यांनी भात दिला, वरण दिलं, वर म्हणाल्या, "बसूनच खा बाबा हितं, माज्यासमोर."

पुण्याला आल्यावर मी तक्त्याच्या खाली हिशेब मांडला. रेल्वेचं तिकीट, चॉकलेटं, बिदरीचं एक छोटं फुलपात्र: खर्च. जमेची बाजू जरा लांब होती. मामांनी निघताना खिशात कोंबलेले पाचशे, मावशीचे पाचशे, आत्यांनी बायकोला दिलेलं पातळ, वहिनींचं खण-नारळ, मुलीसाठी सगळ्यांनी मिळून अकराशे, शेंगाचटणी, तूप, आणि दहा किलो तूरडाळ. (कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मामा चिडलेले आहेत. "आमची तूर काय येडी हाय का?" म्हणून त्यांनी पाचाचे दहा केले.) डाळीच्या पोत्याला गाडीत भोक पडून डब्यातल्या निम्म्या प्रवाशांना तिचा लाभ झाला, तो धरला नाही तरी सहल फायद्यात गेली होती.

साडूला मी हा हिशेब दाखवला. तो पहिल्यांदाच माझ्याकडून आलेला कागद दोनदा वाचत होता. शेवटी म्हणाला, "नंबर दे."

"कोणाचा?"

"तुझ्या मामाचा. सरळ बोलतो. डीटेल्स घेतो."

रात्री मामांचा फोन आला. आवाजात गोंधळ होता. "अरे, तुजे कोन ते साडू. मला रेट विचारूलालेत. मी म्हनलं सोयाबीनचा का तुरीचा? तर म्हनले रूमचा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, किती दिवस येऊलालाव ते सांगा पयलं. ते म्हनले दोन रात्री." मामा अजून धुमसत होते. "दोन रात्रीसाटी काय येतेत रे? मानूस हाय का पोस्टमन? मी सरळ सांगितलं, आट दिवस ऱ्हानार असाल तर या, न्हाई तर येऊच नका. दारात उभं करनार न्हाई."

मी कपाळाला हात लावून साडूला फोन केला. म्हटलं, मनावर घेऊ नको, जुनी माणसं आहेत, बोलायची पद्धत जरा तशी…

"अरे, नाही नाही!" साडू खुशीत होता. "बुकिंग करतोय मी. बोलल्याबरोबर कळलं मला. एकदम प्रोफेशनल माणूस आहे."